मूल वाचावयास शिकतें तें कसें?

दसऱ्यास पाटीवर एकाच्या आंकड्यांनीं सरस्वती काढावी, तिला हळदकुंकू व फूल वाहावें आणि मुलाकडून नमस्कार करवावा, ही चाल आपल्या घरांतून अद्यापि चालू आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु पूजा आटोपली कीं पुढचें काम आपण सरस्वतीवर आणि शाळेवर सोंपवून मोकळे होतों. दांत यावे, चालतां यावें, बोलतां यावें, तसेंच पांच-सहा वर्षांच्या वयांत मुलास वाचतांही यावें, असें आपण धरून चालतों. तें आलें नाहीं म्हणजे घरांत तीन निदानें ऐकूं येतात. वडील म्हणतात, याचें लक्ष नाहीं. आजोबा म्हणतात, शाळा चांगली नाहीं. आणि तिसरें निदान कोणी उघड बोलत नाहीं, पण मूल तें सर्वांच्या आधीं ओळखतें, तें हें कीं याला बुद्धि बेताचीच. या तिहींपलीकडे चौथेंही कांहीं असूं शकतें. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मेंदूच्या शास्त्रानें त्यावर पुष्कळ प्रकाश पाडला आहे. तें येथें मांडण्याचा विचार आहे.

मी मेंदूचा वैद्य नव्हें. जुन्या मॅट्रिकपर्यंतचें शिक्षण, वडिलांपाशीं बसून केलेलें थोडें संस्कृत आणि प्राथमिक शाळेंतील चौतीस वर्षांची नोकरी, तींतलीं पहिलीं नऊ वर्षें पेठ तालुक्यांत व उरलेलीं नाशिक शहरांत, एवढीच माझी पुंजी. निवृत्तीनंतर येथील सार्वजनिक वाचनालयांत जाण्याचा परिपाठ ठेवला आहे. (हें वाचनालय १८४० सालचें, वाचनाची आवड नाशिककरांस आजकालची नाहीं.) माझा एक भाचा वैद्यकी करतो, इंग्रजी शोधनिबंधांतील जो भाग मला झेपेना तो त्यानें उलगडून सांगितला. हजार-बाराशें मुलांस अक्षरओळख करून दिलेल्या माणसास, त्या वेळीं त्यांच्या डोक्यांत काय चाललें होतें हें जाणण्याची उत्सुकता असावी, यांत नवल तें काय?

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. बोलणें हें मनुष्यजातीइतकेंच जुनें आहे. लेखन तसें नाहीं. आपल्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यांत गौतमी बलश्रीचा ब्राह्मी लेख आहे; तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतला. त्यापूर्वीं तीन-चार शतकें मागें गेलें कीं या देशांत वाचतां येतील असे लेख बहुधा संपतात. आणि लेख कोरले गेले म्हणून ते सर्वांस वाचतां येत होते असेंही नव्हे. शंभर वर्षांपूर्वींसुद्धां आपल्या देशांतील बहुसंख्य माणसें निरक्षरच होतीं. बोलण्यासाठीं मेंदूंत जन्मतःच तजवीज आहे. कानांवर भाषा पडली कीं मूल बोलतें. वाचनासाठीं अशी तजवीज असण्यास निसर्गास सवडच मिळालेली नाहीं. तेव्हां प्रत्येक मुलाच्या डोक्यांत ती नव्यानें करावी लागते, आणि ती करण्याचें काम शिक्षकाचें व घरच्यांचें.

ही तजवीज होते तरी कोठें? त्याची पहिली खूण फ्रान्समध्यें सांपडली. देजेरीन नांवाच्या डॉक्टरांनीं १८९२ सालीं एका सुशिक्षित गृहस्थाची हकीगत प्रसिद्ध केली. १८८७ सालीं एके दिवशीं या गृहस्थास अकस्मात् वाचतां येईनासें झालें. दृष्टि शाबूत, वाचा शाबूत, बुद्धि शाबूत. इतकेंच नव्हे तर सांगितलेला मजकूर ते लिहूनही घेत. परंतु स्वतः लिहिलेला कागद पुढें धरला तर त्यांस एक अक्षर लागत नसे. मात्र त्या अक्षराच्या वळणावरून बोट फिरविलें म्हणजे तें कोणतें हें ओळखतां येई. डोळा विसरला होता, हात विसरला नव्हता. मृत्यूनंतर त्यांचा मेंदू तपासला, तेव्हां डाव्या बाजूस मागच्या भागांत इजा झालेली आढळली.

पुढें शंभर वर्षांनीं जिवंत माणसाच्या मेंदूंत, कवटीस धक्का न लावतां, डोकावण्याची सोय झाली. मोठ्या चुंबकाच्या यंत्रांत मनुष्यास निजवून त्याला अक्षरें दाखवितात, आणि त्या वेळीं मेंदूच्या कोणत्या भागाकडे रक्ताचा ओघ वाढतो हें पाहतात. पॅरिसचे स्तानिस्लास देहाने आणि लोरां कोहेन यांनीं २००० सालापासून या रीतीनें दाखविलें, कीं डाव्या बाजूस, मागें व तळाशीं, एक लहानसा भाग लिहिलेलें अक्षर पाहतांच जागा होतो. वाचणारा फ्रेंच असो, चिनी असो वा हिब्रू असो, जागा जवळजवळ तीच. निरक्षर माणसांत हाच भाग चेहरे, वस्तु व आकृति ओळखण्याच्या कामीं लागलेला असतो. वाड्यांतील धान्याच्या कोठीची पुढें अभ्यासाची खोली करावी, तसा हा प्रकार आहे. भिंती त्याच, खिडकी तीच. परंतु सामान हलवावें लागतें, उजेडाची सोय करावी लागते, आणि तें एका दिवसांत होत नाहीं.

मग त्या कोठींतल्या धान्याचें काय? वाचन शिकलें म्हणजे चेहरे ओळखण्याची शक्ति उणावते काय, असा प्रश्न त्या शास्त्रज्ञांसही पडला होता. त्याचें एक उत्तर आपल्याच लिपीनें दिलें आहे. लखनौच्या आसपासच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांस, ज्यांत बहुतेक स्त्रियाच होत्या, सहा महिने देवनागरी शिकविली आणि आधीं व नंतर त्यांचे मेंदू पाहिले. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या या पाहणींत असें आढळलें, कीं केवळ मेंदूच्या पृष्ठभागांतच नव्हे, तर डोळ्यांकडून आलेली वर्दी पुढें पोंचविणाऱ्या अगदीं खोलवरच्या भागांतही नवा मेळ बसला होता. २०१९ सालीं त्याच प्रांतांतील साक्षर-निरक्षरांची तुलना प्रसिद्ध झाली. तींत वाचनामुळें चेहरे वा वस्तु पाहण्याच्या कामाचा नाश झालेला दिसला नाहीं. तिशी गाठलेल्या, शेतांत राबणाऱ्या बायांचे मेंदू जर सहा महिन्यांत असे वळतात, तर सात वर्षांच्या मुलाविषयीं “याची वेळ गेली” असें म्हणण्याचा अधिकार कोणास आहे?

आतां या ज्ञानाचा घरांत उपयोग काय तें पाहूं. मूल ३ च्या जागीं ६ लिहितें, क चें पोट भलत्या बाजूस काढतें, क्वचित् सबंध नांवच आरशांत पाहिल्यासारखें उलटें लिहितें. आई घाबरते, आणि शेजारीण घाबरविते. वस्तुतः डोळ्याची जन्मजात शिकवण अशी, कीं वस्तु डावीकडून पाहिली काय नि उजवीकडून पाहिली काय, ती एकच. गाय पूर्वेकडे तोंड करून उभी असो वा पश्चिमेकडे, ती गायच. असें न मानणारा प्राणी जगांत टिकला नसता. अक्षरांच्या राज्यांत मात्र हा नियम मोडावा लागतो. तेथें तोंड फिरलें कीं तीनाचे सहा होतात. पांच-सहा वर्षांच्या मुलाकडून होणारी ही उलटापालट म्हणजे जुना, उपयोगी धडा अजून पुसला गेला नाहीं एवढाच तिचा अर्थ. सात-आठव्या वर्षापर्यंत ती बहुधा आपोआप जाते. त्यापायीं मुलास रागें भरणें हें, तें नीट पाहतें म्हणून रागें भरण्यासारखें आहे.

दुसरी गोष्ट ध्वनीची, आणि येथें आम्हां संस्कृतवाल्यांस जरा मान ताठ करण्यास जागा आहे. कंठापासून ओठांपर्यंत उच्चारस्थानांच्या क्रमानें लावलेली वर्णमाला ही मानवी बुद्धीची एक थोर कृति आहे. रोमन लिपींतील ए-बी-सी यांच्या क्रमास असा कांहीं अर्थच नाहीं. मेंदूचें शास्त्रही हेंच सांगतें, कीं वाचनाचें मर्म डोळ्यांत कमी आणि कानांत अधिक आहे. २०१५ सालीं अमेरिकेंत कांहीं प्रौढांस एक बनावट लिपि शिकविली. निम्मे शब्द प्रत्येक खुणेचा ध्वनि सांगून, आणि निम्मे सबंध शब्द चित्रासारखा ओळखण्यास सांगून. ज्या शब्दांस ध्वनि जोडला होता ते वाचतांना मेंदूची डावी, भाषेची बाजू जागी झाली. सबंध शब्द पाठ केलेले वाचतांना उजवीकडे अधिक हालचाल दिसली. स्वित्झर्लंडांत याच्याही आधीं, २०१० सालीं, अजून वाचतां न येणाऱ्या बालवाडीच्या मुलांकडून कित्येक आठवडे अक्षर व ध्वनि जुळविण्याचा खेळ करविला. सर्व मिळून सरासरी चार तासही झाला नसेल. पण तेवढ्यानेंही मेंदूचा तो मागचा भाग अक्षरांस साद देऊं लागला होता.

तेव्हां दिवेलागणीचा परवचा, शुभंकरोति, भेंड्या, हे प्रकार केवळ वळणाचे नाहींत. भेंड्यांत समोरच्याच्या ओळीचें शेवटचें अक्षर कानानें पकडावें लागतें. पांच वर्षांच्या मुलास यासारखा दुसरा व्यायाम नाहीं. ज्या घरांत गाडींत बसल्यावर प्रत्येकाच्या हातीं स्वतंत्र पडदा येतो, त्या घरांतून हा व्यायाम नाहींसा होत आहे. (आपल्या पाणिनीय शिक्षेंत लिहिलेलें पाहून म्हणणारास अधम पाठकांच्या सहा प्रकारांत घातलें आहे! जन्मभर वाचावयास शिकविणाऱ्या माझ्यासारख्यानें हें वाक्य गुपचूप ओलांडून पुढें जावें हेंच बरें.)

परंतु परंपरेंतील सोयीचें तेवढें घ्यावें आणि गैरसोयीचें टाकावें, असें शास्त्राच्या दरबारांत चालत नाहीं. वर्णमालेचा क्रम कानास उत्तम असला तरी हातास तो तसा नाहीं. क ख ग घ ङ या पांच अक्षरांच्या वळणांत एकमेकांशीं मेळ नाहीं. म्हणून आपल्या शाळांतून ग म भ न असा वळणांच्या सारखेपणावर बसविलेला क्रम आला, तो योग्यच होता. तसेंच गिरविण्याविषयीं. आपल्याकडे धूळपाटीवर बोटानें गिरवीत, पुढें पाटीवर, नंतर छापील टिंबांवरून. अमेरिकेंतील इंडियाना येथें केरिन जेम्स या बाईंनीं २०१२ सालीं, अजून वाचतां न येणाऱ्या पांच वर्षांच्या मुलांकडून कांहीं अक्षरें हातानें लिहविलीं, कांहीं टिंबांवरून गिरवून घेतलीं, आणि कांहींसाठीं यंत्राची कळ दाबविली. नंतर तीं अक्षरें पाहतांना मेंदूंत वाचनाचा मार्ग जागा झाला तो मुख्यतः स्वतः लिहिलेल्या अक्षरांपुढें. कळ दाबण्याचा उपयोग नाहीं हें मला अपेक्षित होतें. पण नुसतें गिरविणेंही पुरे पडत नाहीं, हें वाचून मी थबकलों. त्यांचें म्हणणें असें, कीं मूल स्वतः लिहितें तेव्हां त्याचें अक्षर दर वेळीं थोडें वेगळें, वेडेंवांकडें येतें, आणि या वेड्यावांकड्या दहा रूपांतूनच अक्षराचें खरें रूप मनांत ठसतें. तेव्हां गिरवून झाल्यावर पाटी पुसावी आणि “आतां तुझ्या मनानें काढ,” असें म्हणावें. वळण सुंदर नसेल तर नसो. तें पुढें येईल.

आपल्या लिपीची अडचणही नीट पाहिली पाहिजे. “मराठी जशी बोलावी तशी लिहावी, मग तींत कठिण काय?” असें इंग्रजी शिकलेले गृहस्थ नेहमीं म्हणतात. परंतु इंग्रजीचीं अक्षरें सव्वीस. आपलीं व्यंजनें चौतीस धरलीं तरी बाराखडीनें चारशेंवर अक्षरें होतात, आणि जोडाक्षरें निराळींच. शिवाय ऱ्हस्व वेलांटी! ‘किती’ या शब्दांत कानास आधीं क् ऐकूं येतो व मागून इ. डोळ्यास मात्र आधीं वेलांटी दिसते व मागून क. हिंदी वाचणारांवर ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांनीं केलेली पाहणी २००२ सालीं प्रसिद्ध झाली. असे शब्द वाचण्यास अधिक वेळ लागतो, असें तींत दिसलें. १९५३ सालच्या लखनौच्या लिपिसुधारणा परिषदेंत ही वेलांटी उजवीकडे नेण्याची सूचना झाली होती, पण ती लोकांच्या पचनीं पडली नाहीं. मीही ती पुनः उकरून काढण्याच्या मताचा नाहीं. परंतु मूल ‘पिशवी’ लिहितांना अडखळलें तर अडचण लिपींत आहे, मुलांत नाहीं, एवढें ओळखावें. सोनाली नाग यांनीं कन्नड मुलांवर केलेल्या कामांत (२००७) दिसलें, कीं अशा लिपींतील सर्व अक्षरें हातीं येण्यास चौथीपर्यंतचा काळ लागतो. कन्नडची जडणघडण आपल्या लिपीसारखीच आहे. पहिलीच्या दिवाळीपर्यंत मुलानें वर्तमानपत्र वाचावें, ही आपली अपेक्षा मग कशाच्या आधारावर?

याचीच खूण आपल्या अगदीं जवळ मिळाली आहे. त्र्यंबकाहून मोखाडा-जव्हारकडे उतरून पुढें गेलें कीं वाडा तालुका लागतो. तेथील सोनाळे गांवीं नीलेश निमकर यांची ‘क्वेस्ट’ ही संस्था २००७ पासून काम करीत आहे. शैलजा मेनन यांच्या मार्गदर्शनाखालीं मराठी व कन्नड मुलें पहिली ते तिसरींत वाचावयास कशीं शिकतात याचा जो मोठा, कांहीं वर्षें चाललेला अभ्यास झाला, त्यांतलीं मराठी मुलें या वाडा तालुक्यांतलीं, आणि कन्नड मुलें यादगीर जिल्ह्यांतलीं. त्या अभ्यासाचा अहवाल २०१७ सालीं निघाला. तो कांहीं मेंदूच्या यंत्राचा अभ्यास नव्हे. मुलांपाशीं बसून, त्यांचें वाचन ऐकून केलेला आहे, आणि म्हणूनच माझ्यासारख्यास तो अधिक जवळचा वाटतो. सगळीं मुळाक्षरें संपवा, मग काना, मग वेलांट्या, मग कोठें शब्द, या आपल्या जुन्या रीतीनें मूल महिनोन्‌महिने अर्थावांचून घोकत बसतें, असें त्यांत दिसून आलें. त्यापेक्षां चार-पांच अक्षरें व त्यांबरोबर एक-दोन स्वरचिन्हें असा लहानसा समूह घ्यावा, आणि त्यांतून लगेच मुलाच्या ओळखीचे शब्द करावे व वाचावे, अशी त्यांची सूचना आहे. पेठच्या शाळेंत जीं मुलें घरीं कोकणा बोली बोलत, त्यांस पाठ्यपुस्तकांतील चित्राचें पुस्तकी नांवच ठाऊक नसे. ध्वनि जुळला तरी तो शब्द त्यांच्या मनांत कोणाच्याच दारावर थाप मारीत नसे. तीं मुलें मंद नव्हतीं. रानांतील झाडांचीं व पाखरांचीं जितकीं नांवें त्यांस येत, तितकीं मला आजही येत नाहींत.

आपल्या वर्गांतील घरांचा प्रश्न निराळा आहे. येथें मूल मराठी बोलतें आणि इंग्रजी वाचतें. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रांत नंदिनी चटर्जी-सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हिंदी व इंग्रजी दोन्ही वाचणारांचे मेंदू पाहिले (२०११). लहानपणीं दोन्ही लिपि एकदम शिकलेल्यांत हिंदीसाठीं ध्वनि जुळविणारी वाट आणि इंग्रजीसाठीं शब्दाचें रूप ओळखणारी वाट अशा दोन वाटा दिसल्या. इंग्रजी मागाहून शिकलेले मात्र तीही हिंदीच्याच वाटेनें वाचीत होते. यावरून कोणती रीत श्रेष्ठ हें ठरविण्याची घाई मी करणार नाहीं. मात्र मराठी ही “घरीं बोलतोंच कीं, वेगळी कशाला शिकवावयाची?” म्हणून सोडून देण्याची वस्तु नव्हे, तिच्या वाचनाची स्वतःची वाट आहे, आणि ती पायाखालीं घातल्याशिवाय रुळत नाहीं.

शास्त्राचें नांव घेऊन चालणाऱ्या व्यापाराविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं गांवोगांव ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’ नांवाचे वर्ग निघाले. डोळ्यांस पट्टी बांधून मूल पुस्तक वाचतें, असें दाखवून आईबापांकडून हजारों रुपये घेत. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनीं पट्टी नीट बांधून दाखविली, आणि वाचन थांबलें. नाकाजवळच्या फटींतून मूल खालीं पाहत होतें, एवढाच तो चमत्कार. मुलास खोटें बोलण्याचें शिक्षण मिळालें तें वेगळेंच. डाव्या मेंदूचीं मुलें नि उजव्या मेंदूचीं मुलें अशी वांटणीही तितकीच निराधार. जॉन ब्रुअर या अमेरिकन लेखकानें १९९७ सालींच इशारा दिला होता, कीं मेंदूच्या प्रयोगशाळेपासून थेट शाळेच्या वर्गापर्यंत पूल बांधूं पाहणें म्हणजे अवाक्याबाहेरची उडी आहे. मला तें बव्हंशीं पटतें. यंत्रांतील चित्र पाहून उद्यां सकाळीं कोणतें अक्षर शिकवावें हें कळत नाहीं. तें मुलाच्या तोंडाकडे पाहूनच कळतें.

पण एका ठिकाणीं या शास्त्रानें जें केलें आहे, तें आम्हां शिक्षकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांस जमलें नव्हतें. कांहीं मुलांस बुद्धि उत्तम, कान उत्तम, घर उत्तम असूनही वाचन येत नाहीं. यालाच डिस्लेक्सिया म्हणतात. २००१ सालीं इंग्रज, फ्रेंच व इटालियन अशा तीन देशांच्या डिस्लेक्सिया असलेल्या प्रौढांचे मेंदू एकत्र तपासले गेले. इटालियन भाषा आपल्या मराठीप्रमाणें जवळजवळ बोलावी तशी लिहिली जाते; म्हणून ती मंडळी इतर दोघांपेक्षां बरें वाचीत. परंतु मेंदूच्या डाव्या बाजूची शिथिलता तिघांतही सारखीच होती. आपल्याकडे हें दुखणें लपून राहतें तें याचमुळें. मराठी मूल चुकत फारसें नाहीं, तें नुसतें रेंगाळतें. आणि रेंगाळणाऱ्यास आपण आळशी म्हणतों. असें मूल योग्य रीतीनें, ध्वनीवर भर देऊन शिकविलें, तर त्याच्या मेंदूंतील तो भाग जागा होऊं लागतो, हेंही येल येथील डॉक्टरांनीं २००४ सालीं दाखविलें आहे.

आमच्या शेजारीं असा एक मुलगा आहे. इंग्रजी शाळेंत तिसरींत. बुद्धिबळांत मला दहा चालींत हरवितो; रामरक्षा नुसती ऐकून त्याला येते. त्याच्या आजींनीं मराठी वाचन घेण्यासाठीं त्याला माझ्याकडे धाडलें. पहिल्याच संध्याकाळीं त्यानें ‘बाजरी’ हा शब्द ‘बादली’ असा वाचला, म्हणजे पहिलें अक्षर पाहून पुढचें अंदाजानें ठोकलें. पुस्तक मिटून मीं विचारलें, “कमळ, यांतून क काढला तर काय राहील?” तो बराच वेळ विचार करून म्हणाला, “फूल.” मीं सहा-सात शब्द विचारले, एकही साधला नाहीं. मग तो अगदीं सहज म्हणाला, “आजोबा, मी ढ आहे. वर्गांत सगळ्यांना माहीत आहे.” त्याच्या बोलण्यांत तक्रार नव्हती, आणि तेंच मला सहन झालें नाहीं.

त्याचे वडील सातपूरच्या एका कारखान्यांत इंजिनीअर आहेत. मीं तपासणीची गोष्ट काढतांच ते म्हणाले, “गुरुजी, कशाला भलतें नांव चिकटवतां? पुस्तक दिलें कीं याला तहान लागते, एवढाच रोग.” मीं त्यांस सांगितलें, कीं मानेसरच्या त्याच केंद्रानें मराठींतही ही तपासणी करण्याचें साधन २०१५ पासून तयार केलें आहे, कीं २०१६ च्या कायद्यांत या अडचणीस मान्यता आहे, कीं महाराष्ट्र सरकार १९९६ सालापासून अशा विद्यार्थ्यांस परीक्षेंत सवलती देत आलें आहे. त्यांनीं ऐकून घेतलें, पण चेहरा हलला नाहीं. शेवटीं मीं म्हटलें, कीं हें पुष्कळदां वंशपरंपरेनें येतें. त्यावर आजी आंतून बाहेर आल्या, दाराशीं उभ्या राहिल्या आणि मुलाकडे न पाहतां म्हणाल्या, “यालाही सातवीपर्यंत धडा वाचतां येत नव्हता. रोज मार खाऊन यायचा. मीच त्याला वाचून दाखवायची, आणि तो पाठ करायचा.” इंजिनीअर गृहस्थ कांहीं बोलले नाहींत. चहा थंड झाला. जातांना जिन्यावर थांबून त्यांनीं विचारलें, “तपासणी कोठें करतात?”

ती झाली. निदान आम्हांस वाटलें होतें तेंच निघालें. आतां आठवड्यांतून पांच दिवस, वीस-वीस मिनिटें, मुलगा येतो. आधीं पुस्तक नाहींच. शब्द तोडणें व जोडणें, टाळी वाजवून अक्षरें मोजणें, मग भेंड्या. नंतर पाटीवर तीन-चार अक्षरें, तोंडानें ध्वनि म्हणत म्हणत आणि न गिरवितां. शेवटीं त्याच अक्षरांचीं दोन वाक्यें, जीं तोच मला सांगतो व मी लिहितों. बहुधा तीं घोड्याच्या अडीच घरांविषयीं असतात. सात महिने झाले. गति अजून कमी आहे, आणि ती वर्गांतील इतर मुलांइतकी कधीं होईल कीं नाहीं हें सांगतां यावयाचें नाहीं. ‘कमळ’मधून क काढतां येतो, ळ काढतां येतो, मधला म काढतांना अजून थांबतो. गेल्या पंधरवड्यांत ‘स्त’ आणि ‘त्र’ झाले. रविवारीं त्याचे वडीलही येऊन बसतात. परवां मुलगा त्यांस म्हणाला, “बाबा, तुम्ही आधीं वाचा,” आणि त्यांनीं वाचलें, अगदीं सावकाश, ओळीखालीं बोट धरून.